तीन नंबरच्या खिळ्यावरचं बूच

१

तीन नंबरच्या खिळ्यावर एक लाकडी बूच टांगलेलं होतं, आणि त्या वीतभर लाकडानं बारक्याला आयुष्यातून उठवायची पुरी तयारी केली होती.

बारक्या म्हणजे सहा फूट उंचीचा, दारातून वाकून जाणारा नावाडी. नाव ठेवणाऱ्यानं थट्टेत ठेवलं आणि ते चिकटलं. वीस वर्षं तो पर्यटकांना नदीवर फिरवत होता. रविवारी सकाळच्या पहिल्याच फेरीत त्याची तीन नंबरची बोट भर नदीत मागून बसायला लागली. पाणी पायाखालच्या फळ्यांच्या वर आलं तेव्हा कुठे कुणाच्या लक्षात आलं, आणि तोवर उशीर झाला होता. अठरा माणसं पाण्यात पडली. लाईफ जॅकेटांनी सगळ्यांना तारलं, पण एका निवृत्त नर्सबाईंची बरगडी मोडली आणि छातीत पाणी गेलं. त्या अजून इस्पितळात होत्या.

सोमवारी बोट वर ओढली. तळाचं भोक सताड उघडं.

या धक्क्यावरच्या सहाही बोटी लाकडी. प्रत्येकीच्या मागच्या टोकाला, तळाशी एक भोक. संध्याकाळी बोट उतारावर ओढायची, बूच काढायचं, म्हणजे दिवसभर झिरपलेलं पाणी वाहून जातं. बूच शेडमध्ये आपापल्या खिळ्यावर वाळत टांगायचं आणि सकाळी कोरडं बूच आतून ठोकून बसवायचं. पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि भोकाला असं आवळून धरतं की संध्याकाळी पहार लावल्याशिवाय सुटत नाही.

बोट पाण्यात होती आणि बूच खिळ्यावर. म्हणजे बारक्या ते ठोकायलाच विसरला. चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी त्याचा परवाना काढून घेतला आणि निकाल लागेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही असं सहीनिशी लिहून घेतलं. निकाल बुधवारी चार वाजता.

बुधवारी सकाळी बारक्याची बायको आक्कांच्या दारात उभी राहिली. आक्का म्हणजे बोटी बांधणारी म्हातारी. सहाही बोटी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यानं संप केला म्हणून त्या घरी बसल्या होत्या.

"आक्का, परवाना गेला तर गेला," बायको म्हणाली. "आम्ही कुठेही राबू. पण काल हे म्हणाले, विसरलोच असेन मी. स्वतःच्या हातांकडे बघत बसतात, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. माणूस हातातून चाललाय माझा."

"ठोकलं होतं का त्यानं?"

"आधी शपथेवर सांगत होते. आता म्हणतात, खिळ्यावर सापडलं म्हणजे नसेलच ठोकलं."

आक्कांनी काठी घेतली.

शेड उघडीच होती. आत एका फळीवर सहा खिळे. दोन नंबरचा रिकामा होता, कारण दुपारी त्या बोटीची चाचणी फेरी होती आणि ती आधीच पाण्यात उतरवली होती. एक, चार, पाच आणि सहा नंबरची बुचं आक्कांनी एकेक हातात घेऊन पाहिली. अंगानं काळपट, आणि रोज हातोडा खाऊन खाऊन डोकं ठेचलेलं, जुन्या दातवणासारखं.

मग त्यांनी तीन नंबरचं बूच काढलं. अंग गोरं. डोक्यावर कानशीचे बारीक ओरखडे जसेच्या तसे. कडेवरून अंगठा फिरवला तर कड टोचली.

हे बूच बारक्या विसरला नव्हता. हे बूच जन्मात कुठल्या बोटीत गेलंच नव्हतं.

२

धक्क्यावर मेस्त्री दोन नंबरच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. आठवडाभर ते इंजिन उघडं पडलं होतं. आज कुठे सुरू झालं होतं. रविवारी सकाळी तीन नंबरच्या मागच्या टोकाला बारक्याखेरीज एकच माणूस दिसला होता, तो हा. आणि त्याच्या आदल्या दिवशी दोघांचं भर धक्क्यावर वाजलं होतं.

"काय म्हणाला होता रे तुला बारक्या?"

"म्हणाला, तुझ्यापेक्षा माझी म्हैस बरं इंजिन खोलेल." मेस्त्रीनं डोकं वर काढलं नाही. "त्याच्याकडे म्हैसही नाही, आक्का."

"म्हणून बूच काढलंस?"

आता डोकं वर आलं. "मी इंजिनाला तेल घातलं. त्याच्याकडे पाठ होती माझी. तो काहीतरी ठोकत होता, बूच की फळी ते मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं सांगणार नाही. बोट बुडताना नदीत पहिली उडी कुणी मारली ते विचारा लोकांना. त्या नर्सबाईंना मीच ओढून काढलं. नंतर अंधार पडेपर्यंत त्या बोटीला दोर बांधत होतो."

"म्हणजे रविवारी शेडकडे फिरकला नाहीस."

"किल्लीच नाही माझ्याकडे. शिट्टीसाहेबांना विचारा."

शिट्टीसाहेब म्हणजे नवे सुरक्षा अधिकारी. तिशीचा तरुण, गळ्यात कायम शिट्टी. आक्कांनी त्याला गाठलं तेव्हा तो जॅकेटांचे पट्टे एकेक ओढून पाहत होता. महिन्याभरात त्यानं धक्का ओळखू येईनासा केला होता. पायऱ्यांच्या कडा लाल, बोटींच्या मागच्या पट्ट्या लाल, वाळूच्या बादल्या लाल, फेकायच्या रबरी कड्या लाल, जॅकेटांची पेटी लाल.

"तुम्हाला दुसरा रंग मिळाला नाही का हो?"

तो हसला, पण डोळे सुजलेले होते. "साधा नियम आहे, आक्का. जे जीव वाचवतं ते लाल. घाबरलेल्या माणसाला एका नजरेत दिसलं पाहिजे. मी सगळं केलं आणि तरीही त्या बाई तिथे नळ्या लावून पडल्यात."

"रविवारी कुठे होतात?"

"बुडालेल्यांबरोबर. इस्पितळातून निघायला सात वाजले. येऊन बघतो तर अधिकारी बाई पंचनामा करून गेलेल्या. व्यवस्थापक साहेबांनी पाचलाच त्यांना शेड उघडून ते बूच दाखवलं होतं. मला अजून ते बघवलेलं नाही."

"शेडच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक दिवसभर माझ्या खिशात होती. दुसरी साहेबांच्या."

"आणि जादाची बुचं? मी प्रत्येक बोटीमागे एक करून ठेवलं होतं."

"सहाही साहेबांच्या कपाटात. का?"

तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली आणि तो शिट्टी सावरत धावला. आक्का व्यवस्थापकांच्या खोलीकडे वळल्या. पायात बारा वर्षांच्या पोरीसारखी घाई शिरली होती, आणि गुडघ्याला ती बिलकूल पसंत नव्हती.

३

व्यवस्थापक आरशात बघून टाय बांधत होते. तीन वाजता अधिकारी बाईंना घेऊन चाचणी फेरी, सोबत शिट्टीसाहेब आणि एक फोटो काढणारा.

"या आक्का. गुडघा काय म्हणतो?"

"म्हणतो कपाट उघडा. माझी बुचं बघायचीत. पडून पडून चिरतात."

"आज?"

"आज गुडघा चालतोय, साहेब. उद्याचं कुणी सांगावं."

त्यांनी किल्ली फिरवली. खालच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा. आक्कांनी बुचं टेबलावर ओळीनं मांडली. गोरी अंगं, तासलेली डोकी, टोचणाऱ्या कडा.

पाच.

"सहावं?"

"उंदीर," व्यवस्थापक म्हणाले.

"हुशार उंदीर. कुलूप उघडून नेलं आणि शेडमध्ये तीन नंबरच्या खिळ्यावर टांगलं."

टायची गाठ अर्धवटच राहिली. व्यवस्थापकांनी दार लोटलं आणि खुर्चीत बसले. ते आरडाओरडा करतील असं आक्कांना वाटलं होतं, पण ते अगदी हळू बोलले.

"त्या दिवशी मी शेडमध्ये गेलो तेव्हा खिळा रिकामा होता. बारक्यानं बूच कुठेतरी ठेवलं असेल, हरवलं असेल. चौकशी महिनोन्‌महिने चालली असती, आक्का. या धक्क्यावर चाळीस घरं जगतात. मी खोटं काही केलं नाही. जे घडलंच होतं, ते दिसेल असं केलं."

"घडलंच होतं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बोट मागून बसली, आणि सोमवारी भोकही उघडंच निघालं. दुसरं काय घडणार?"

"खिळा रिकामा होता, म्हणजे बूच बोटीत होतं."

"ठोकलेलं बूच आपणहून निघतं का कधी? तुम्हीच सांगा. चाळीस वर्षांत एकदा तरी?"

प्रश्न खरा होता. त्यांनी बनवलेलं बूच पाण्यात एकदा फुगलं की बैलानं ओढलं तरी सुटलं नसतं.

"तुमचा शब्द आणि माझा शब्द," व्यवस्थापक उठत म्हणाले. "चार वाजता बाई सही करतील. बारक्याला दुसरीकडे काम लावून देईन मी, माणूस चांगला आहे."

बाहेर आल्यावर आक्कांनी नदीकडे पाहिलं. पाण्यावरून एक वाळकी फांदी हलत डुलत खाली चालली होती. त्या ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

लाकूड बुडत नाही. बोट पाण्याखाली गेली तेव्हा आत सुटलेलं बूच फळ्यांच्या फटीतून वर आलं असणार. आणि वर आलं असेल तर ते अजून कुठेतरी आहे.

४

बारक्याला त्यांनी घरून अक्षरशः ओढून काढलं. नदीकाठानं दीड मैल खाली एक वळण आहे. वरून जे जे वाहत येतं ते तिथल्या गवतात अडकतं. वळणावर कपडे धुणारी बाई राहायची. तिच्या झोपडीपुढे टोप्या, एकेकट्या चपला, चेंडू यांचा ढीग होता.

"नदी माझं दुकान भरते," ती म्हणाली. "फक्त जोडी कधी देत नाही. काय हवंय?"

"बूच. एवढं. रविवारपासून आलेलं."

"ते होय." तिनं दगडी टाक्याकडे बोट केलं. "रविवारी दुपारीच आलं. मी टाक्याच्या भोकाला लावलं. पण मेलं गळतं. लाकडाचं म्हणून घेतलं, म्हटलं फुगेल. तीन दिवस पाण्यात आहे, ढिम्म."

आक्कांनी टाक्यात हात घातला. बूच नुसत्या बोटांनी निघून आलं.

ते लालभडक होतं. दोन हात रंगाचे, काचेसारखे गुळगुळीत. ठेचलेल्या डोक्यावरच्या रंगात हातोड्याचे ताजे गोल वण होते.

बारक्या ते बघत दगडावर बसला. "हे माझं आहे," तो म्हणाला. आणि मग, त्या वणांवर अंगठा टेकवून, "मी ठोकलं होतं, आक्का."

"लाल होतं हे तू कुणाला बोलला नाहीस?"

"रंग कुणी विचारलाच नाही. आणि खिळ्यावर सापडलं म्हणाले, मला शेडमध्ये कुठे जाऊ दिलं? मला वाटलं हेच सापडलं."

आक्कांनी कनवटीचा चाकू काढून बुचाचा एक पापुद्रा उडवला. तीन दिवस पाण्यात पडलेलं लाकूड आतून कोरडं ठणठणीत होतं.

जे जीव वाचवतं ते लाल. त्या पोरानं बूचही सोडलं नाही. रंगानं लाकडाचं तोंडच शिवून टाकलं. पाणी आत जाईना, लाकूड फुगेना. नुसत्या ठोकण्यावर ते कितीसं टिकणार? इंजिनानं अर्धा तास हादरवलं आणि ते सुटलं. बारक्या विसरला नव्हता. मेस्त्रीनं काढलं नव्हतं. कुणीही काही वाईट केलं नव्हतं, आणि अठरा माणसं पाण्यात गेली होती.

"चला," बारक्या उठला. "चारच्या आत पोचू. बाईंना दाखवू."

आक्का उठल्या नाहीत. "किती बुचं रंगवली त्यानं?"

"दोनच. शनिवारी रंग संपला म्हणत होते. माझं, आणि…" बारक्या थांबला.

"दोन नंबरचं," आक्का म्हणाल्या.

रविवारी दोन नंबरचं इंजिन उघडं होतं म्हणून ती निघाली नव्हती. आज तिचा खिळा रिकामा होता.

वरच्या बाजूनं इंजिनाची धडधड ऐकू आली.

५

बोट अजून बरीच दूर होती, नदीच्या मध्यावर, छताला नव्या पताका लावलेली. बारक्यानं मेस्त्रीला फोन लावला. वाजत राहिला. व्यवस्थापकांना लावला, त्यांनी कापला. धुणारीनं दोरीवरची चादर उपसली आणि पाण्यात कमरेपर्यंत जाऊन ती दोन्ही हातांनी फडकवायला लागली. बोटीवर टाय बांधलेला माणूस उभा राहिला आणि त्यानं उत्साहानं हात हलवून प्रत्युत्तर दिलं. फोटो काढणाऱ्यानं फोटो काढला.

"मागून बसलीय," बारक्या डोळे बारीक करून म्हणाला. "बघा, मागची लाल पट्टी दिसत नाही. सुटलंय बूच."

"तुझी होडी कुठेय गं?" आक्कांनी विचारलं.

"झुडपामागं. पण दोनच वल्ही, आणि एक फुटकं."

बारक्यानं होडी पाण्यात ढकलली आणि पाऊल टाकता टाकता थांबला. पाण्यात पाय घालायचा नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. हे मोडलं, तर लाल बूच दाखवूनही बाई ऐकतील का, कोण जाणे.

त्यानं एकदा बोटीकडे पाहिलं आणि उडी मारली. आक्कांना त्यानं पोत्यासारखं उचलून आत घेतलं.

तो वल्हवत होता तेव्हा होडी पाण्याला टेकते की नाही असं वाटत होतं. आक्का मांडीवर बूच धरून चाकूनं रंग खरवडत होत्या. लाल साली भराभर पाण्यात पडत होत्या. धुणारीनं फेकलेली चादरीची चिंधी त्यांनी उघड्या लाकडाला घट्ट गुंडाळली. आता फुगायची वाट बघायला वेळ नव्हता. चिंधीच बुचाचं काम करणार होती.

बोटीवर आधी हशा झाला. म्हातारी, राक्षसाएवढा माणूस आणि फुटक्या वल्ह्याची होडी. मग बारक्या ओळखू आला आणि व्यवस्थापक ओरडले, "तुला बंदी आहे. मागे फिर."

"मेस्त्री, इंजिन बंद," बारक्या म्हणाला. तो ओरडला नाही; नदीवर त्याचा आवाज तसाही पुरायचा. "तुझ्या मागच्या फळ्या उचल. माझ्यावर राग असेल तर नंतर काढ."

मेस्त्रीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. फळी उचलली.

खाली गुडघाभर पाणी होतं. त्यावर एक लाल बूच गोल गोल फिरत होतं.

६

"कुणी उभं राहायचं नाही," बारक्या बोटीत पाय टाकत म्हणाला. "मधल्या दोघांनी बसल्या बसल्या पुढे सरका. घाई नाही. बाई, तुम्हीसुद्धा."

अधिकारी बाई मुकाट्यानं सरकल्या. बारक्या पालथा पडला, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि भोकावर तळवा दाबून धरला. "इथे आहे. द्या."

होडीतून बोटीत आलेल्या आक्कांनी बूच त्याच्या बोटांजवळ नेलं. तळवा काढला, बूच टेकवलं, आणि मेस्त्रीनं फुटक्या वल्ह्याच्या दांड्यानं वरून तीन घाव घातले. तिसऱ्याला दांडा मोडला. बूच बसलं.

मग लाल बादल्या कामाला आल्या. शिट्टीसाहेब सर्वांत पुढे उपसत होता. पाणी फळ्यांच्या खूप खाली गेल्यावर तो थांबला. पाण्यावर फिरणारं दुसरं बूच उचलून त्यानं आक्कांसमोर धरलं. त्याच्या आधीच लक्षात आलं होतं.

"मी रंगवलं."

"हो."

"दिसावं म्हणून."

"दिसत होतं बाळा. मलाही तो रंग आवडला असता," आक्का म्हणाल्या. "पण लाकडाला पाणी प्यायचं असतं. धक्क्यावर कुणालाही विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आम्हीही तुला आपणहून काही सांगितलं नाही, ते आमचं चुकलं."

"बोट निघताना मी स्वतः पाहिलं ते," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांच्या चपला पाण्यानं थबथबल्या होत्या. "लाल, जागच्या जागी. कागदावर बरोबरची खूण केली." त्यांनी ते लाल बूच हातात घेतलं. "पण रविवारी मला खिळ्यावर जे दाखवलं, ते लाल नव्हतं."

आक्कांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी टायची गाठ सैल केली.

"मी टांगलं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, तोच विसरला. त्याशिवाय बोट बुडेल कशी?"

"हाच प्रश्न तुम्ही बंद केलात, साहेब," आक्का म्हणाल्या. "तो उघडा राहिला असता तर कुणीतरी बूच शोधलं असतं. सोमवारीच सापडलं असतं. आज तुम्ही स्वतः त्यावर बसून नदीत आला नसता."

अधिकारी बाईंनी पिशवीतून बारक्याचा परवाना काढला आणि त्याच्यापुढे धरला. "ही बोट परत न्या."

"पाण्यात पाय घालायचा नाही म्हणून सही आहे माझी."

"ती माझ्यासमोर केली होती. मी रद्द करते. बाकीचं काठावर लिहू. आणि सगळ्या बोटींची बुचं आक्का बघेपर्यंत एकही बोट निघणार नाही, हेही लिहू."

बारक्यानं परवाना शर्टाच्या खिशात ठेवला आणि दोन्ही तळवे पँटला पुसले. मेस्त्री सुकाणूवरून बाजूला झाला.

"तुझ्या म्हशीला सांग," मेस्त्री पुटपुटला, "इंजिन चांगलं चाललंय."

बारक्यानं सुकाणू हातात घेतलं, पण इंजिन सुरू करायची खूण केली नाही. त्यानं बाकांवरून नजर फिरवली, एकेक माणूस मोजत. नजर व्यवस्थापकांवर येऊन थांबली. फोटोत टाय दिसावा म्हणून त्यांचं जॅकेट बाकाखाली पडलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "आधी जॅकेट घाला. पट्टा ओढा. मग निघतो."

व्यवस्थापकांनी जॅकेट घातलं. टाय मध्ये येत होता, पट्टा लागेना. बारक्या वाट बघत थांबला. दुसऱ्यांदा लागेना, तेव्हा त्यानं सुकाणू आक्कांच्या हातात दिलं, पुढे जाऊन तो पट्टा स्वतः लावला आणि ओढून पाहिला.